घोड्याच्या खुरांचा ग्रंथ

प्रिय खारुताई,

एकतीस वर्षांनी ही बया पत्र कशाला लिहिते, असं तू म्हणशील आणि तसं म्हणायचा तुला पूर्ण अधिकार आहे. हे पत्र केराच्या टोपलीत गेलं तरी माझी तक्रार नाही, फक्त आधी शेवटपर्यंत वाचलं जाऊ दे. तुझा पत्ता आपल्या ग्रंथालयातल्या शिपाईमामांनी दिला. दातांच्या डॉक्टरांकडे भेटले. गालात कापसाचा बोळा होता, तरी बोलायचे थांबत नव्हते. मला बघून म्हणाले, "बाई, तुमचे अजून सगळे शाबूत दिसतायत." मी म्हटलं, दातांचं सोडा, जीभ शाबूत आहे आणि सुनेची तक्रार तिच्याबद्दलच आहे. हसले बिचारे आणि मग गाल धरून बसले. तुझं नाव मीच काढलं. मग चष्म्याच्या डबीतून एक कागद काढून त्यांनी तुझा पत्ता उतरवून दिला. इतकी वर्षं त्यांच्याकडे तो होता. मी कधी विचारलाच नव्हता.

आधी बातमी सांगते, कारण घोळवत बसायचं माझं वय राहिलेलं नाही. खुरांचा ग्रंथ सापडला. घोड्यांच्या खुरांच्या आजारांवरचा, अडतीस सुट्या पानांचा, गेरूने काढलेल्या चित्रांचा. तू चोरलास म्हणून ज्याच्यापायी तुला ग्रंथालयाची नोकरी सोडायला लावली, तोच. एकही पान गेलेलं नाही. कसरीने दोन पानांचे कोपरे खाल्लेत, बाकी जसाच्या तसा. सोळाव्या पानावर मागच्या डाव्या खुराच्या चित्रासाठी सोडलेली मोकळी चौकट अजून मोकळीच आहे. लिहिणाऱ्याला तेवढंच चित्र का काढता आलं नसेल यावर तू एक अख्खी दुपार वाद घातला होतास. तो घोडा लाथ मारत असणार, हे माझं मत होतं. तू म्हणाली होतीस, नाही, तो घोडा मेला असणार आणि याला दुसऱ्या घोड्याचं खूर काढायचं नसणार. तेव्हा मी तुला रडूबाई म्हटलं होतं. परवा ती चौकट पाहिली तेव्हा मला तुझंच म्हणणं पटलं.

आता तो कसा सापडला ते ऐक आणि संतापू नकोस, संताप माझ्याकडे भरपूर आहे. हस्तलिखित विभागात सध्या सगळ्या जुन्या ग्रंथांचं स्कॅनिंग चाललंय. आपल्या वाचनकक्षात, तू खिडकीशी बसायचीस तिथे, आता काळं फडकं टाकलेलं एक यंत्र आहे आणि त्यामागे एक टकलू गृहस्थ दिवसभर पानं उलटतात. त्यांना ग्रंथातलं ओ की ठो कळत नाही, हे ते स्वतःच सांगतात. त्यांचं काम एकच, प्रत्येक पान उलटायचं. चंद्राच्या गतीवरचा ग्रंथ आणि ग्रहणांवरचा ग्रंथ असं एकत्र बांधलेलं जे जाड बाड आहे ना, ते त्यांनी लावलं. चंद्र, चंद्र, चंद्र आणि मध्येच घोड्याचा पाय. त्यांना वाटलं आपलंच काही चुकलं. साहेबांना बोलावलं. साहेबांनी मला फोन केला, कारण त्या बाडाच्या नोंदीवर माझी सही आहे.

हे सध्याचे साहेब म्हणजे एक नमुना आहे. कोट चांगला, बाकी आनंद. मला म्हणाले, "मॅडम, आपल्या संस्थेने एका अज्ञात ग्रंथाचा शोध लावला आहे." मी म्हटलं, शोध कसला लावताय, तुमच्याच कपाटात होता. घरातला चष्मा कपाळावर सापडला तर त्याला कोणी शोध म्हणतं का? तरी त्यांनी चार पानी पत्रक छापायला घेतलंच. "विस्मृतीतून पुनर्जन्म" असं काहीतरी वर आणि खाली आभार: सध्याचे साहेब, टकलू गृहस्थ, यंत्राची कंपनी आणि "माजी विभागप्रमुख, ज्यांच्या काटेकोर नोंदींमुळे हे शक्य झाले," म्हणजे मी. तुझं नाव नाही. तुझं नाव नसणारच, म्हणा. ग्रंथ अज्ञात होता म्हटल्यावर तो हरवला कसा असेल, आणि हरवलाच नाही म्हटल्यावर कुणाला त्यापायी घरी बसवलं असेल? इतकं सोयीचं पत्रक मी अख्ख्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

मी दुसऱ्याच दिवशी गेले. गुडघे कुरकुरत होते, पण गेले. साहेबांना म्हटलं, आधी जुनी नोंदवही काढा. काढली. तुला आठवते ना, हिरव्या कापडाची, कोपऱ्यांना चामडं लावलेली. खुरांच्या ग्रंथापुढे लाल शाईत लिहिलंय, "गहाळ", आणि त्यापुढे जबाबदार म्हणून तुझं पूर्ण नाव. मी म्हटलं, हे दुरुस्त करा. ते म्हणाले, "तसं नाही करता येणार, मॅडम. ही नोंदवही आता स्वतःच जपणुकीची वस्तू आहे. तिच्यात कुणालाच काही लिहिता येत नाही." म्हणजे बघ. तुझ्यावरचा आळ आता ऐतिहासिक झालाय. त्याच्यावर पेन्सिलचीसुद्धा रेघ मारायची नाही, त्याला ऊन लावायचं नाही, दमटपणापासून सांभाळायचं. आणि मी त्या अक्षराकडे बघत बसले, कारण ते लाल अक्षर माझं आहे. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. सुरेख लिहिलंय. एकही रेघ वाकडी नाही.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी माझ्या बोटांच्या पेरांवर पट्टी मारून मारून ते अक्षर घडवलं होतं आणि त्याबरोबर मला एक माजही दिला होता, टापटिपीचा. तुझं टेबल म्हणजे खारीचं घरटं. पेन्सिलींचे बोटभर तुकडे, दोऱ्याची टोकं, अर्धं बिस्कीट, त्यातच तीनशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ. नवीन आलेल्या वाचकाला हस्तलिखितातलं काही अडलं की तो तुझ्याकडे यायचा आणि कुठलं कागदपत्र कुठे आहे ते विचारायला माझ्याकडे यायचा. तू ग्रंथ वाचायचीस, मी ते मोजायचे. मोठे साहेब म्हणायचे, "एक वाचते, एक मोजते, मला तिसरी नको." त्या वर्षी मात्र विभागप्रमुखाची एकच जागा निघणार होती. आपण दोघी त्याबद्दल एकमेकींशी चकार शब्द बोललो नाही. डबा मात्र एकत्रच खायचो.

बांधणीवाले काका वारले, वीसेक वर्षं झाली. त्यांच्यावर सगळं ढकलणं फार सोपं होतं आणि साहेबांनी ते केलंही. म्हणाले, "बाइंडरची चूक असणार." काकांची चूक नव्हती. ते आकार बघून बांधायचे, विषय बघून नाही. त्यांना वाचता येत नव्हतं आणि वाचता येत नाही हे त्यांनी कधी लपवलंही नाही. ज्या क्रमाने गाठोड्यात पानं येतील त्या क्रमाने शिवायची, एकसारखी उंची-रुंदी असेल तर एकाच पुठ्ठ्यात बसवायची. म्हणून तर नियम होता की गाठोडं देण्याआधी पानं मोजायची, आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि बाड बांधून परत आलं की पुन्हा मोजायची. तुझा नियमांवर राग होता. मला ते पाठ होते.

तुझ्या बबडीला गोवर निघाला तो आठवडा तू विसरली नसशील. पाच वर्षांची होती. शाळेतून निरोप आला आणि तू तशीच उठलीस, चहा अर्धा ठेवून. टेबलावर चंद्राचा ग्रंथ, ग्रहणांचा ग्रंथ, जे बांधणीला जायचे होते, आणि ज्याची चित्रं तू चौकटीच्या कागदावर उतरवत होतीस तो खुरांचा. तिन्ही एकाच मापाचे. तुला यायला नऊ दिवस लागले. तिसऱ्या दिवशी काका गाठोडी न्यायला येणार होते आणि तुझ्या टेबलाकडे बघून माझं डोकं उठलं होतं. मी सगळं गोळा केलं, फडक्यात बांधलं, चिठ्ठीवर तुझ्या जुन्या यादीतला दोन ग्रंथांचा आकडा उतरवला आणि दिलं. मी पानं मोजली नाहीत, खारुताई. जी बाई शिपाईमामांनी आणलेल्या टाचण्यासुद्धा मोजून घ्यायची, तिने मोजली नाहीत. घाई होती असं म्हणवत नाही. घाई नव्हती. तुझा पसारा आवरताना मला फक्त चीड आली होती आणि मी तुझ्यापेक्षा किती चांगली असं वाटत होतं.

तू परत आलीस आणि खुरांचा ग्रंथ शोधायला लागलीस. कपाटं, फळ्या, कचऱ्याचा डबा, सगळं. मग तू माझ्याकडे येऊन विचारलंस, हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, माझीच अब्रू सांभाळत: "अगं, बांधणीच्या गाठोड्यात तर नसेल गेला? उघडून बघूया का?" आणि मी म्हणाले, "मी मोजून दिलीत." तू म्हणालीस, "मग नसणार." बस. तुला एवढं पुरलं. पुढे मोठ्या साहेबांनी चौकशीत मला तेच विचारलं आणि मी तेच उत्तर दिलं. त्यांनी पुढे काही विचारलंच नाही. माझ्या मोजण्यावर शंका घेणं म्हणजे भिंतीवरच्या घड्याळावर शंका घेण्यासारखं होतं त्या इमारतीत. ग्रंथ टेबलावर घेतल्याची चिठ्ठी तुझ्या नावावर, ग्रंथ शेवटचा तुझ्या हातात, आणि तुझ्या घरी त्याच्या चित्रांच्या नकला सापडल्या. त्या नकला तू बबडीला रंगवायला दिल्या होत्यास. मोठे साहेब म्हणाले, "चोरी म्हणत नाही मी, पण तुम्ही आपणहून गेलात तर बरं." तू माझ्याकडे बघितलंस. मी समोरच्या शाईच्या दौतीकडे बघत होते. त्या दिवशी ते गाठोडं काकांच्या फळीवर न उघडता पडलेलं होतं. चालत गेलं तर दहा मिनिटं.

अजून एक आहे. इथपर्यंत लिहिताना तीनदा उठून चहा केला, तेवढ्यात हे लिहायचं टळेल म्हणून. बाड बांधून आलं तेव्हा तुला जाऊन तीन आठवडे झाले होते आणि माझं नाव विभागप्रमुखासाठी वर गेलं होतं. मी बाड हातात घेतलं. ते जड होतं. दोन ग्रंथांच्या मानाने जड होतं. सतरा वर्षं पानं हाताळलेल्या बाईला अडतीस पानांचं वजन कळत नाही असं कोणी मला सांगू नये. मी पहिलं पान उघडलं, चंद्र. शेवटचं पान उघडलं, ग्रहण. मिटलं, बरोबरची खूण केली, सही केली. मधली पानं उलटली नाहीत. काय दिसेल याची खात्री नव्हती आणि खात्री करून घ्यायची नव्हती. पुढे एकदा एक संशोधक ते बाड मागायला आला होता. मी सांगितलं, पानं ठिसूळ झालीत, देता येणार नाही. ठणठणीत होती पानं. तू शाळेजवळच्या दुकानात वह्या-पेन्सिली विकतेस असं कळलं होतं तेव्हा. मी त्या रस्त्याने जाणं सोडलं. लांबून जायचे, बावीस वर्षं, भाजी आणायलासुद्धा.

तुझ्या मुलीने तुला सांगितलं असेल की नाही, माहीत नाही. नसावं, ती तुझ्यावर गेली आहे. चौदा वर्षांपूर्वी ती ग्रंथालयात आली होती, वाचकाचं कार्ड काढायला. निळा सदरा, केस घट्ट बांधलेले, फॉर्म नीट भरलेला. काउंटरवरच्या कारकुनाने तिचं आडनाव वाचलं आणि मला आत येऊन विचारलं. मी बाहेर गेले. तिने मला ओळखलं. लहानपणी माझ्या मांडीवर बसून बिस्किटं खाल्लेली पोर ती. तिने कार्डाचं काही विचारलंच नाही. म्हणाली, "मावशी, आईने खरंच नेला होता का तो ग्रंथ? मला फक्त खरं सांगा, मी तिला काही बोलणार नाही." मागे रांगेत दोघं-तिघं उभे होते. मी म्हणाले, "नोंदीत तरी तसंच आहे." तिने मान हलवली, फॉर्म घडी करून पिशवीत टाकला आणि गेली. जाताना दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. तेवढं एक दार तरी आपटायला हवं होतं तिने.

सोबत एक कागद जोडला आहे. ते माझं लेखी निवेदन, सही आणि तारखेसकट. पानं मोजली नाहीत, मोजली असं खोटं सांगितलं, बाड परत आल्यावर पुन्हा मोजली नाहीत, सगळं त्यात आहे. साहेब घ्यायला तयार नव्हते. म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं झाली, आता कोण विचारतंय?" मी म्हटलं, मी विचारतेय, आणि आवक शिक्का मारून पोच मिळेपर्यंत या खुर्चीवरून उठणार नाही, मग संध्याकाळी मला खुर्चीसकट कुलपात ठेवा. पोच दिली. निवेदन त्या हिरव्या नोंदवहीबरोबर त्याच डब्यात ठेवायचं, असा शेरा लिहून घेतला. वहीत लिहिता येत नसेल, पण वहीशेजारी ठेवायला कुठल्याच नियमाची आडकाठी नाही, नियम मला अजून पाठ आहेत. पत्रकातून माझे आभारही काढायला लावले. तुझं नाव घालायला मात्र ते कबूल झाले नाहीत. वकिलाला विचारतो म्हणाले. विचारू देत. मी दर सोमवारी जाऊन बसणार आहे. यातलं काहीही तुझी एकतीस वर्षं परत देत नाही, हे मला कळतं. तू माफ करावंस म्हणून मी हे लिहिलेलं नाही. तशी मागणी करायला तोंड लागतं आणि एवढं मोठं तोंड असूनही ते माझ्याकडे नाही.

शिपाईमामांनी त्या दिवशी पत्त्याबरोबर तुझा फोन नंबरही दिला होता आणि सांगितलं होतं की गेली दोन वर्षं तुला अजिबात दिसत नाही, आलेलं सगळं मुलगीच वाचून दाखवते, पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, विजेचं बिलसुद्धा. फोन केला असता तर मी हे सगळं फक्त तुझ्या कानात सांगितलं असतं आणि तू, मी ओळखते तुला, तिला म्हणाली असतीस, काही नाही गं, जुनी मैत्रीण होती, तब्येत विचारत होती. मला पाठीशी घातलं असतंस आणि ती तशीच राहिली असती, नोंदीवर विश्वास ठेवून. म्हणून लिहिलं. बबडे, इथपर्यंत तूच वाचत आली आहेस. मध्ये थांबली असशील, आईने हात धरला असेल. तू मला काउंटरवर खरं विचारलं होतंस आणि मी तुला कागदाकडे बोट दाखवलं होतं. खरं हे आहे: तुझ्या आईने तो ग्रंथ नेला नव्हता. तो ज्या बाईने हरवला तिचं हे अक्षर आहे. आता हे पत्र खाली ठेव आणि आईच्या तोंडाकडे बघ. तिला दिसत नाही, पण ती तुझ्या बोलण्याची वाट बघत असेल.

तुझीच,
टाचणी